'सेन्शुअस'ला कामुक म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की बरोक कलेवरच्या (सतराव्या शतकातली युरोपातली नाट्यमय शैली) एका लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात 'सेन्शुअस'ला मराठीत काय म्हणायचं, आणि इटालियन शिल्पकार बर्निनीच्या संत तेरेसाच्या (सोळाव्या शतकातली स्पॅनिश जोगीण, मदर तेरेसा नव्हे) शिल्पाला 'कामुक' म्हटलं तर चालेल का.

माझ्या मते नाही चालणार. एक तर कामुक हे मुळात माणसाचं विशेषण, ज्याच्या मनात काम आहे तो कामुक, फार तर त्याची नजर कामुक, संगमरवर कसा कामुक असेल? (बघणारा असू शकतो, तो भाग वेगळा.) आणि हाच शब्द जरा बिल्डिंगला लावून बघा. रोममध्ये बोरोमिनी या वास्तुकाराचं सान कार्लो चर्च आहे, त्याची दर्शनी भिंत सरळ नाहीच, लाटेसारखी आत-बाहेर वळत जाते, हात फिरवावासा वाटतो. तीही सेन्शुअसच, पण कामुक भिंत म्हणणार का तुम्ही? म्हणून 'ऐंद्रिय' बरा. पुस्तकी आहे, मान्य, वाचणारा अडखळेल असं वाटलं तर सरळ 'इंद्रियांना भिडणारं' लिहा. 'विषयासक्त' तर नकोच, संतांनी विषय या शब्दाची इतकी धुलाई केलीय की त्यातून कौतुक निघतच नाही.

तेरेसाचं मात्र ऐंद्रिय म्हणून भागत नाही. 1647 ते 52 मधलं काम, रोमच्याच सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये. तेरेसाने आत्मचरित्रात लिहिलंय की देवदूताने टोकाला आग असलेला सोन्याचा भाला तिच्या काळजात खुपसला आणि ती वेदना इतकी गोड होती की संपूच नये असं वाटलं. बर्निनीने ते जसंच्या तसं घेतलं, मान मागे पडलेली, डोळे मिटत आलेले, ओठ उघडे, एक पाय नुसता लोंबतोय, वरून लपवलेल्या खिडकीतून उजेड येतो, आणि बाजूच्या भिंतींत, हे काम करवून घेणाऱ्या कोर्नारो घराण्यातली मंडळी, तीही दगडातलीच, नाटकाच्या बाल्कनीत बसल्यासारखी.

ह्याला आपल्याकडे तयार शब्द आहे की, अष्टसात्त्विक भाव! म्हणजे भावना दाटली की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या आठ खुणा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. गंमत म्हणजे नाट्यशास्त्रातली हीच यादी शृंगारालाही चालते आणि भक्तीलाही, शरीर दोन्हीकडे तेच करतं, त्यामुळे 'हे धार्मिक की शारीरिक' हा वाद आपल्या भाषेत उभाच राहत नाही. तेरेसाचा आहे तो प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. आता दगडाला घाम कुठून आणणार, काटा कुठून आणणार, तर बर्निनीने सगळा कंप तिच्या झग्याच्या चुण्यांत घातलाय, अंग गळालेलं आणि कापड खवळलेलं.

राहिला शिल्पाच्या 'एक्स्टसी ऑफ सेंट तेरेसा' या शीर्षकातला 'एक्स्टसी'. 'हर्षोन्माद' नको, आजाराचं नाव वाटतं. 'भावसमाधी' लिहा. फक्त शब्द तोडून 'संत तेरेसाची समाधी' करू नका, लोक रोममध्ये थडगं शोधत बसतील, ते स्पेनमध्ये आहे.