चिऱ्याची भिंत मॉडेलमध्ये घालण्याआधी

जुन्या इमारती भार कसा पेलतात याचं संगणकावर मॉडेल करायला जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या मनोऱ्यापासून सुरुवात करतोयस, छान! पण लॅपटॉप नंतर उघड. आधी भिंतीजवळ जा. चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) कुठे झिजलाय, सांध्यातला चुना कुठे धुऊन गेलाय, भेग वर रुंद आहे की खाली, हे वहीत काढून घे. मॉडेलमधली भेग त्याच्याशी जुळली नाही, तर मॉडेल चुकलं समज.

मॉडेलमध्ये चिऱ्याला काँक्रीटच्या ताकदीचे आकडे कृपा करून देऊ नकोस. हे बांधकाम दाब सोसतं, ओढ जवळजवळ नाहीच. भिजलेला चिरा आणखी कमकुवत, म्हणून पावसाळ्याची आकडेमोड वेगळी कर.

इथलं कमानी छत १८४२ मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा मोठा भाग १९३१ मध्ये. त्यामुळे मॉडेलमध्ये आधी अख्खं चर्च उभं कर, मग त्याच क्रमाने भाग काढत जा. उरलेल्या भिंतींवर भार कसा वळला ते तेव्हाच कळेल.