डेकोरवाल्याने गाडी अडवली, दुसरी किल्ली माझ्याकडे आहे : रात्री जाऊन आणू का?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची सेडान आहे, आरसी वडिलांच्या नावावर. छताचं कापड लोंबायला लागलं होतं, पिलर (काचांमधले खांब) आणि डोअर पॅडही झिजले होते. कोल्हापुरातल्याच एका कार डेकोरवाल्याने ‘ओरिजिनल इंपोर्टेड अल्कांतारा लावून देतो’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. फेब्रुवारीत २८ हजारांना काम ठरलं. १५ हजार यूपीआयने दिले, १३ हजार रोख. बिल मागितलं तर “बिल पाहिजे तर १८ टक्के वर द्या” म्हणाला. एप्रिलच्या उन्हात मागच्या सीटवरचं कापड सुटून डोक्याला लागायला लागलं, डाव्या पुढच्या पिलरमधून खडखड येते, एअरबॅगचा दिवा विझत नाही. तक्रार घेऊन गेलो तर गाडी ठेवून घेतली आणि मला न विचारता छताला पुन्हा नवं कापड लावलं. आता म्हणतो, “उन्हात लावल्यावर असं हुतंयच की भाऊ. नवीन कापडाचे ९ हजार द्या आन् गाडी न्या.” मेव्हणे म्हणतात, गाडी आपली आहे, दुसरी किल्ली आहे, रात्री जाऊन घेऊन येऊ. काय करू?

उत्तर : किल्ली आधी कपाटात ठेवा आणि मेव्हण्यांना घरी बसवा.

‘आपलीच वस्तू आणायला कसली भीती’ हे ऐकायला बरं वाटतं, पण कायद्याने हा प्रसंग फार पूर्वीच विचारात घेतलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणं दिलेली आहेत. त्यातली दोन एकाच घड्याळाची आहेत. १८६० च्या जुन्या दंड संहितेतून ती तशीच आली आहेत. पहिल्यात मालकाने घड्याळ दुरुस्तीला दिलंय आणि कारागिराचं काही देणं नाही. मालक उघडपणे दुकानात शिरतो आणि घड्याळ हिसकावून नेतो. ही चोरी नाही, पण अतिक्रमण आणि हल्ल्याचा गुन्हा होऊ शकतो. दुसऱ्यात मालक दुरुस्तीचे पैसे देणं लागतो, कारागिराने त्यासाठी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलंय, आणि त्याचं ते तारण बुडवायच्या हेतूने मालक घड्याळ काढून नेतो. ही चोरी आहे, स्वतःच्याच घड्याळाची.

मग तुमची गाडी पहिलं घड्याळ की दुसरं? याचं उत्तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मध्ये आहे. वस्तूवर मेहनत किंवा कसब लावून काम केलेल्या माणसाला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. पण काम ठरल्याप्रमाणे झालेलं असलं पाहिजे आणि पैसे त्याच कामाचे असले पाहिजेत. फेब्रुवारीच्या कामाचे २८ हजार तुम्ही पूर्ण दिलेत, म्हणजे तो हिशेब मिटला. राहिले ९ हजार. त्याने दर सांगितला नव्हता, तुम्ही होकार दिला नव्हता आणि गाडी तुम्ही तक्रार म्हणून दिली होती, नवी ऑर्डर म्हणून नाही. आपलीच चूक दुरुस्त करण्याचे पैसे मागून त्यावर गाडी अडवता येत नाही, असं माझं मत आहे. मात्र रात्री दोन वाजता गाडी काढताना पकडले गेलात तर समोरच्या हवालदाराला माझं मत माहीत नसेल. दुकानदार म्हणेल, ‘नवीन काम केलंय, पैसे बाकी आहेत.’ त्या क्षणी तुमचं घड्याळ पहिलं की दुसरं हे ठाण्यात बसून ठरायला लागेल.

गाडी रोज लागते का? लागत असेल तर ९ हजार द्या, पण हक्क राखून द्या. हा पराभव नाही. याच करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात, आणि कलम १५ मधल्या ‘जबरदस्ती’त दुसऱ्याची वस्तू बेकायदा अडवून ठेवणं येतं. कलम ७२ खालचं उदाहरणही ओळखीचं वाटेल : रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, माल सोडवण्यासाठी माणूस पैसे भरतो आणि जादा आकारलेले पैसे परत मिळवायला पात्र ठरतो. पैसे यूपीआयनेच द्या, रोख अजिबात नको. देण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहा : ‘९ हजारांची मागणी मला मान्य नाही. गाडी सोडवण्यासाठी, माझे सर्व हक्क राखून आणि निषेध नोंदवून रक्कम देत आहे. छताचं आणि इतर काढलेलं जुनं कापड मला परत हवं आहे.’ दोन निळ्या टिका आल्या की स्क्रीनशॉट घ्या.

गाडी रोज लागत नसेल तर ग्राहक आयोगात तक्रारीबरोबरच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज देऊन गाडीचा ताबा मागता येतो. पण त्याला वेळ लागतो आणि तोवर गाडी त्याच्या दारात उन्हापावसात उभी राहते. ९ हजारांसाठी मी तो रस्ता घ्यायला सांगणार नाही. पोलिसांत जायचं तर जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुधा ‘दिवाणी बाब आहे’ असं ऐकायला मिळेल, तरी तारखेची नोंद उपयोगी पडते.

त्या संदेशातलं शेवटचं वाक्य विसरू नका. काढलेलं कापड हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे आणि तो आत्ता दुकानाच्या कोपऱ्यात कचऱ्यात पडलेला असेल. त्याचे पैसे तुम्ही दिलेत, ते तुमचं आहे. आजच मागा. हातात आलं की उलटं करून उजेडात पाहा.

मागच्या बाजूला पिवळा-तपकिरी भुसा चिकटलेला असेल आणि बोट फिरवल्यावर पिठासारखा हाताला लागत असेल, तर कंपनीचा जुना फोम खरवडलाच नव्हता. नऊ वर्षांत उष्णतेने आणि ओलाव्याने तो फोम कुजतो. छत लोंबायला लागण्याचं मूळ कारणही तेच असतं. छताचा बोर्ड, म्हणजे कापड ज्यावर चिकटवतात तो साचा, काढून ब्रशने घासून सगळा भुसा झटकल्याशिवाय वर गम मारला तर गम बोर्डाला नाही, भुशाला चिकटतो. हा उघड हलगर्जीपणा आहे आणि तो सिद्ध करायला फार तज्ज्ञ लागत नाही. गम अजून चिकट असेल, तारा ओढल्यासारखा ताणला जात असेल, तर उष्णता न सोसणारा साधा गम वापरलेला आहे. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही आणि बोर्ड त्याच पत्र्याच्या खाली असतो. गम नुसता बोर्डावर असेल आणि कापडाची पाठ कोरी असेल, तर एकाच बाजूला लावला किंवा जास्त वाळू दिला. असा गम दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेल पण उचलून येणार नाही इतका वाळल्यावर मधून कडेकडे दाबत न्यायचा असतो. आणि कापड फक्त खोलगट जागी, दिव्याभोवती किंवा हँडलपाशी सुटलं असेल, तर ते ताणून बसवलंय. ताणलेलं कापड खळग्यातून आधी उठतं.

एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाऊ शकते, ती आत्ताच पाहून घ्या. कापडावर तपकिरी कडेचा ओल्या डागाचा वर्तुळ असेल, तर पाणी अँटेनाच्या रबरातून, सनरूफच्या नळीतून किंवा मागच्या काचेच्या सीलमधून आलेलं असू शकतं. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट एकदा उघड्यावर काढलेल्या जुन्या गाडीत हे सर्रास दिसतं. तसा डाग असेल तर छताच्या दाव्याचा तेवढा भाग सोडून द्या. नाहीतर उलटतपासणीत तोच डाग पुढे करून बाकीची तक्रारही पातळ केली जाईल.

छतापेक्षा पिलरची बाब गंभीर आहे. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती छताच्या कडेने पुढच्या पिलरपर्यंत घडी घालून ठेवलेली असते, आणि पिलरच्या प्लॅस्टिकवर ‘एसआरएस एअरबॅग’ असं कोरलेलं असतं. फुगताना ती छताच्या बोर्डाची कड आणि पिलरचं प्लॅस्टिक ढकलून बाहेर येते. ते प्लॅस्टिक ठरावीक क्लिपांनी धरलेलं असतं. अनेक गाड्यांत क्लिपला छोटा पट्टा असतो, म्हणजे प्लॅस्टिक सुटलं तरी उडून तोंडावर येत नाही. उचकटताना क्लिप तुटली की घाईत ते प्लॅस्टिक गमाने किंवा सिलिकॉनने चिकटवायची सवय या धंद्यात आहे. खडखड तुटक्या क्लिपची असू शकते. पिलरवर फोमचं कापड लावलं असेल तर जाडीमुळे प्लॅस्टिक नीट बसतच नाही. तिथे बिनफोमचं, ताणलं जाणारं पातळ कापड लागतं. दिवा मात्र बहुतेक वेळा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमुळे लागतो. छताचा बोर्ड बाहेर काढायला पुढची सीट काढली, कनेक्टर सुटलेला असताना कुणी इग्निशन चालू केलं, की बिघाडाचा कोड साठून राहतो.

म्हणून गाडी ताब्यात आल्यावर घरी नेऊ नका, थेट कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच असं नाही. तिथे तोंडी बोलण्यावर समाधान मानू नका. जॉब कार्डवर कोड क्रमांक, कोणती क्लिप तुटली आहे, कुठे गम लावलेला आहे आणि दुरुस्तीचा खर्च, हे सगळं लिहून घ्या. प्लॅस्टिक उघडतानाचा व्हिडिओ काढा, शेजारी स्टीलची पट्टी धरा. तुमच्या सगळ्या कागदांत हा एक कागद मला आधी हवा.

‘ओरिजिनल’ कापडाचं काय? अल्कांतारा हे एका इटालियन कंपनीच्या कापडाचं नाव आहे, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं. आपल्याकडे कोणत्याही मऊ, लवदार स्वेडला सरसकट तेच नाव देतात. दुकानदार म्हणेल, ‘२८ हजारांत पूर्ण गाडी ओरिजिनल होते का, हे गिऱ्हाइकाला कळायला नको?’ कळायला हवं होतं, खरं आहे. पण त्याने लिहून दिलंय, आणि मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आयोगाला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण शुल्क तुम्हालाच भरावं लागेल. त्यापेक्षा नोटिशीतच त्याच्याकडे कापडाच्या खरेदीचं बिल मागा. खरं कापड आणलं असेल तर बिल असेल. नसेल तर त्याची गप्प बसण्याची तारीखही कामाला येते.

बिलाबद्दल काळजी करू नका. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे. ‘बिल हवं तर वर पैसे’ हा त्याचा हिशेब जीएसटीवाल्यांना ऐकायला आवडेल. तुम्ही ग्राहक आहात हे यूपीआयच्या नोंदीने आणि चॅटने सिद्ध होतं. १३ हजार रोखीचा पुरावा शोधा : त्या दिवशीची एटीएमची नोंद, ‘बाकीचे मिळाले’ असा त्याचा संदेश, गाडी घेताना बरोबर असलेला माणूस. चॅट फोनमधून खोडू नका आणि फोन बदलू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं असतं.

आधी नोटीस. वकीलच हवा असं नाही. एका पानावर तारखा, रकमा, काय बिघडलं आणि काय हवं हे लिहून स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवस द्या. मागणी अशी ठेवा : छताचे, पिलरचे आणि पॅडचे मिळून दिलेले २८ हजार, वरचे ९ हजार, आणि सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकाइतका एअरबॅग दुरुस्तीचा खर्च. नवं छत ठीक बसलं असेल आणि तुम्ही ते ठेवणार असाल, तर त्याचा भाग वजा करा. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहू नका. आकडा फुगला की खरा आकडाही संशयित होतो.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही कोल्हापुरात राहता, म्हणून तक्रार इथेच चालेल. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि स्वतः बाजू मांडता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण कापड आणि क्लिपा तेवढं थांबत नाहीत. समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि वाढवून आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय की त्यापुढे एक दिवसही नाही. त्याने ४६ व्या दिवशी कागद आणले तर हरकत घ्या, ती तोंडी नको, लेखी. आयोग मध्यस्थीला पाठवेल तर जरूर बसा. असली प्रकरणं तिथे लवकर मिटतात.

आरसी वडिलांच्या नावावर आहे, पैसे तुम्ही दिलेत. तक्रारीत दोघांची नावं घाला; पैसे देणारे म्हणून तुम्ही आणि तुमच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारे म्हणून वडील, असे दोघेही ग्राहक ठरता. गाडी टॅक्सी परवान्यावर असेल तर आधी सांगा, मग तक्रारीचा मजकूर वेगळा लिहावा लागेल. आणि ताबा घ्यायला जाताना वडिलांना बरोबर न्या : ‘गाडी मिळाली’ एवढ्यावरच त्यांची सही होऊ द्या. ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या पावतीवर सही करू नका.