पद्मिनी घेतलीस, आता आधी हे बघ

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेतलीस, छान केलंस. पण लगेच पेंटरकडे नेऊ नकोस, नवखे तिथेच पैसे घालवून बसतात. आधी आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, बघ. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण 5-5 वर्षांसाठी होतं, पर्यावरण कर वेगळा. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, कागदाशी ताडून घे. गंजून पुसट झाला असेल तर आरटीओत डोक्याला ताप होतो.

मग आतली मॅट काढ आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. टण्ण वाजला तर नशीब तुझं. भसकन आत गेला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घे. वरून पुट्टी थापू देऊ नकोस, पावसाळ्यात खालून पुन्हा सडतो.

ब्रेकला मात्र कंजूषी नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते ड्रम उघड, आतल्या व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) रबर जरा मागे सार. आत ओल दिसली, म्हणजे ब्रेक ऑइल गळतंय, तर चारही चाकांची किट (आतल्या रबरांचा संच) बदल. ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या तर नव्याच घाल.

इंजिन बिचारं साधं, 1089 सीसी. प्लग, पॉइंट, कंडेन्सर हे ठिणगी पाडणारे भाग बदलले की बहुतेक वेळा सुरू होतं. पेट्रोलची टाकी उतरवून धुऊन घे. मी आळस केला होता. टाकीतला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकला आणि बोरघाटात, भर पावसात, बायकोचे टोमणे ऐकत दोन तास बसलो.

तुझा गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आहे की खाली? ते सांग, मग लिंकेजचं, म्हणजे दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचं, बोलू.