स्वेटरवरची चिमणी बसकी का येते?

प्रश्न : लेकीच्या आवडत्या चित्रपुस्तकातली चिऊ आणि तिचं मेणाचं घर स्वेटरवर विणलं. चौकटीच्या कागदावर चित्र नीट होतं, पण विणल्यावर चिऊ बसकी झाली आणि रंग बदलले तिथे भोकं पडली. काय चुकलं?

उत्तर : कागदावरची चौकट चौरस असते, टाका मात्र रुंद आणि बुटका. आधी 15 सेंमीचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजा. मध्यम जाडीची लोकर 4 मिमीच्या सुयांवर घेतली तर 10 सेंमीत साधारण 22 टाके, 30 ओळी बसतात. तेवढ्या चौरस चित्रासाठी 22 बाय 30चा आराखडा हवा.

भोकं पडतात कारण दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवलेले नसतात. रंग बदलताना नवा धागा जुन्याच्या खालून उचला. सुलट ओळीत आणि उलट ओळीतही. प्रत्येक रंगाच्या भागाला लोकरीचा वेगळा छोटा गुंडा ठेवा. मागून लांब धागे ओढले तर बोटं अडकतात.

डोळा, चोच विणत बसू नका. शेवटी सुईने टाक्यावर टाका भरा. बटणाचे डोळे लहानग्यांना नकोतच.

घराला उघडणारं दार हवंच! 12 टाके, 16 ओळींचा तुकडा एका बाजूने शिवा. चारही कडांना दोन-दोन टाके किंवा ओळी दोन्ही बाजूंनी सुलट विणा, नाहीतर दार गुंडाळतं.