श्रेय दिलं, ‘शैक्षणिक वापर’ असंही लिहिलं, तरी विकिपीडियावरून माझा फोटो का हटवला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका हयात अभिनेत्रीच्या लेखासाठी तुम्ही नेटवरून तिचा फोटो घेतला, खाली छायाचित्रकाराचं नाव टाकलं, ‘केवळ शैक्षणिक वापर, फेअर युज’ असंही लिहिलं. तरी तो उडवला गेला, आणि त्याच विकिपीडियावर सिनेमांची पोस्टरं मात्र खुशाल झळकताहेत. हा पक्षपात नाही का?

मी हौसेनं विकिपीडियावर चढवलेल्या अशा संचिका (फाइली) तपासत असतो, म्हणजे तुमचा फोटो उडवणाऱ्यांच्याच पंगतीतला. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

श्रेयाचं आधी संपवून टाकू. नाव दिल्यानं परवानगी मिळत नाही. गूगलवर सापडला म्हणजे सगळ्यांचा झाला, असंही नाही. फोटो पाहायला फुकट असतो, वापरायला असेलच असं नाही.

आता फेअर युज. काही वेळा मालकाच्या परवानगीशिवायही त्याची कृती वापरू देणारी ही अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यातली, कलम १०७ मधली तरतूद. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन अमेरिकेतली, म्हणून या तरतुदीचं नाव सारखं कानावर पडतं. न्यायालय चार गोष्टी तोलतं: वापर कशासाठी आहे, मूळ कृती कोणत्या प्रकारची आहे, तिचा किती भाग घेतला, आणि त्यामुळे मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम होतो. ‘शैक्षणिक’ हा शब्द यातल्या फक्त पहिल्या मुद्द्यात येतो. बाकीचे तीन तुमच्या विरोधात गेले तर त्या एका शब्दाच्या जोरावर निभाव लागत नाही.

बहुतेकांची गल्लत होते ती याच्या पुढे. फेअर युज हा चित्राचा गुण नसतो, तो त्या एका वापरापुरता असतो. पोस्टर तेच, पण समीक्षेत छोट्या आकारात दाखवलं तर चालून जाईल. टी-शर्टवर छापून विकलं तर नाही. प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला होता, त्यावरून वॉरहॉलनं रंगीत चित्रांची मालिका केली. प्रिन्सच्या निधनानंतर, २०१६ मध्ये, त्यातलं एक चित्र मासिकाला वापरायला दिलं गेलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी, चार मुद्द्यांपैकी वादात असलेल्या पहिल्या मुद्द्यावर गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं निकाल दिला. चित्र वॉरहॉलचं असलं तरी मासिकात त्याचं काम फोटोचंच होतं, म्हणजे प्रिन्स कसा दिसतो ते दाखवणं. न्यायालयानं बोट ठेवलं ते त्या विशिष्ट वापरावर. तुमच्या फोटोचंही लेखात तेच काम होतं, आणि तुम्ही तर त्यात रेघही बदलली नव्हती.

पण खरं सांगायचं तर तुमचा फोटो कायद्यापेक्षा साइटच्या नियमानं गेला. हे नियम कायद्याहून मुद्दाम कडक ठेवलेत. विकिपीडियावरचं साहित्य कुणीही उचलावं, छापावं, विकावंही, असा तिचा वायदा आहे. उद्या कुणी तुमचा लेख पुस्तकात घेतला तर तुमचा ‘शैक्षणिक वापर’ त्याच्या कामाचा नाही. दावा मात्र त्याच्यावर होईल. म्हणून मार्च २००७ मध्ये फाउंडेशननं ठराव केला: साहित्य मुक्त परवान्याचं, म्हणजे कुणालाही असं वापरता येईल असं हवं, आणि अपवाद करायचेच असतील तर त्या त्या भाषेच्या विकिपीडियानं लेखी धोरण करून, अगदी मोजके करावेत. मुक्त चित्र कुणीतरी आणून देईल अशी रास्त अपेक्षा असेल तिथे अपवाद नाहीच, आणि याचं उदाहरण म्हणून ठरावात हयात व्यक्तींच्या छायाचित्रांचाच उल्लेख आहे. बाई हयात आहेत, कार्यक्रमांना जातात, कुणीही त्यांचा फोटो काढू शकतं. संपला विषय!

पोस्टरचं तसं नाही. सिनेमाचं मुक्त परवान्याचं पोस्टर कुठून आणणार? म्हणून इंग्रजी विकिपीडिया दहा निकष लावून ते राहू देतो, उदाहरणार्थ: आकार लहान (मार्गदर्शक म्हणून साधारण एक लाख पिक्सेल), कारण लेखी, आणि वापर फक्त लेखात. तेच पोस्टर अभिनेत्रीच्या लेखात तिचा चेहरा दाखवायला टाकलं तर तेही जातं. स्पॅनिश विकिपीडियानं तर ही भानगडच ठेवली नाही, तिथे स्थानिक संचिका चढवायची सोयच नाही. आणि सगळ्या भाषांचा सामायिक साठा असलेल्या कॉमन्सवर फेअर युजला अजिबात थारा नाही. नवे लोक बहुतेक वेळा नेमके तिथेच फोटो चढवतात.

मग करायचं काय? सोपा मार्ग म्हणजे स्वतः फोटो काढा. तो जमत नसेल तर परवानगी मागा, पण कोणाकडे ते नीट बघा. ‘मॅडमनी स्वतः व्हॉट्सॲपवर पाठवलाय’ हे मी इतक्यांदा ऐकलंय! फोटोचा हक्क सहसा तो काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नव्हे. करारानं तो दुसऱ्याकडे गेला असेल तर त्याचा. शिवाय ‘विकिपीडियावर वापरा, हरकत नाही’ एवढी परवानगी पुरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार परवान्यांपैकी बीवाय किंवा बीवाय-एसए परवाना हवा, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही, व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरता आला पाहिजे. एनसी म्हणजे व्यापारी वापराला मनाई, एनडी म्हणजे बदल करायला मनाई. यांतलं एक जरी परवान्यात दिसलं की तो फोटो चालत नाही. छायाचित्रकाराला हेही आधी सांगा की एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. हे लपवून मिळवलेली परवानगी मला तरी पटत नाही.

फ्लिकर या फोटोंच्या साइटवर योग्य परवाना दिसला तरी खातं कुणाचं आहे ते पाहा. दुसऱ्याचे फोटो आपल्या खात्यावर टाकून मुक्त परवाना लावणारे महाभाग तिथे आहेत, आणि त्यांच्या परवान्याला काडीची किंमत नाही.

छायाचित्रकार तयार झाला तर त्याला स्वतःच्या ईमेलवरून परवानगी पाठवायला सांगा. कॉमन्सवर त्यासाठी ठरलेला मसुदा आणि पत्ता आहे. तोच फोटो नवं नाव देऊन पुन्हा मात्र चढवू नका, त्यानं खातं गोठवलं जाऊ शकतं. हटवलेली संचिका सर्व्हरवर असतेच. परवानगी पोचली की प्रचालक (ॲडमिन) ती परत आणू शकतात.