पंप टेबलावर बघू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

हॉस्पिटलसाठी घ्यायच्या इन्फ्युजन पंपांची, म्हणजे शिरेतून औषध मोजून सोडणाऱ्या मशिनांची, तुझी तुलनेची शीट काल रात्री उघडली. तीन कंपन्या, एकतीस ओळी, हिरवे-पिवळे रंग. मेहनत दिसते. पण त्यातल्या वीसेक ओळी तिन्ही कंपन्यांना सारख्याच लागू पडतात, कारण त्या तू ब्रोशरमधून उचलल्या आहेस, आणि ब्रोशर लिहिणारे एकमेकांची ब्रोशरं वाचूनच लिहितात. फ्लो रेट ०.१ पासून, अचूकता अमुक टक्के, बॅटरी तमुक तास, मोठा रंगीत डिस्प्ले. पत्रिकेत तीसच्या वर गुण जुळले तरी घरात भांडी वाजायची ती वाजतातच.

आधी ती शीट मधून फाड. सिरिंज पंप आणि व्हॉल्युमेट्रिक पंप एका तक्त्यात घालून तू गोंधळ केला आहेस. तुमच्या ट्रस्टींना दोन्ही 'सलाइनची मशिनं'च वाटणार, त्यांचं ठीक आहे. तुला तसं वाटून चालायचं नाही. सिरिंज पंप दट्ट्या ढकलतो. नॉरॲड (बीपी धरून ठेवणारं नॉरॲड्रेनलिन), इन्शुलिन, झोपेची औषधं, जे थेंबाथेंबाने आणि न थांबता जायला हवं ते त्याच्यावर. व्हॉल्युमेट्रिक पंप नळी लाटल्यासारखी दाबत बाटलीतलं पाणी पुढे सरकवतो. मेंटेनन्स फ्लुइड, अँटिबायोटिक, मोठ्या बाटल्या त्याच्यावर. आयसीयूत दोन्ही लागतात, पण किती-किती हे ठरवायचं असेल तर महिनाभराचे ड्रग चार्ट काढ आणि एका बेडवर एका वेळी किती इन्फ्युजन चालतात ते मोज. 'बेडमागे दोन' हा आकडा तुला कोणी दिला? सेल्सवाल्याने ना? ओळखलंच होतं.

आता अचूकतेची ओळ. सिरिंज पंपाला २ टक्के आणि व्हॉल्युमेट्रिकला ५ टक्के, असे आकडे सगळेच छापतात आणि बहुतेक खरेही असतात. प्रश्न असा, की किती वेळाच्या सरासरीवर? तासाभरात बरोबर ५ एमएल गेलं, पण मध्ये तीन मिनिटं दट्ट्या अडकला आणि मग धक्क्याने सुटला, तरी सरासरी बरोबरच येते. नॉरॲडचं रक्तातलं अर्धआयुष्य दोन-अडीच मिनिटांचं. त्या तीन मिनिटांत पेशंटचं बीपी कोसळतं आणि पुढच्या मिनिटाला उसळी मारतं. सरासरीला त्याचा पत्ताही नसतो. यासाठीच या पंपांच्या आयईसी ६०६०१-२-२४ या आंतरराष्ट्रीय मानकात ट्रंपेट कर्व्ह मागितलेला आहे. २, ५, ११, १९, ३१ मिनिटं अशा वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिलं तर चूक जास्तीत जास्त किती होते, ते त्यात कळतं. आलेख तुतारीच्या तोंडासारखा दिसतो, डावीकडे रुंद आणि उजवीकडे निमुळता. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत असतो, कोणी उघडत नाही. तिन्ही कंपन्यांचे शेजारी-शेजारी ठेव आणि २ मिनिटांच्या जागी तोंड किती उघडं आहे ते बघ. मात्र कोणता रेट आणि कोणती सिरिंज घेऊन काढलाय ते आधी वाच.

सिरिंजवरून आठवलं. हे तुला इंटर्नशिपच्या वेळी सांगायचं राहून गेलं होतं.

मी नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर एकदा वर्कशॉपात आल्या आणि म्हणाल्या, "सर, सिरिंज लवकर संपतेय." तासाला ५ एमएल रेटला ५० ची सिरिंज दहा तास पुरायला हवी. त्यांनी रजिस्टरमध्ये बदलाच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, आठ तास चाळीस मिनिटांच्या आसपास. मी पंप वर नेला, कॅलिब्रेशन केलं, पंप ठणठणीत. परत पाठवला. दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा दारात. तेव्हा कुठे मला सुचलं की माझ्या टेबलावरची सिरिंज आणि वॉर्डातली सिरिंज एक नाही. स्टोअरने महिन्यापूर्वी स्वस्तातल्या दुसऱ्या ब्रँडच्या सिरिंज घेतल्या होत्या आणि पंपाच्या मेन्यूत जुनाच ब्रँड होता. व्हर्नियरने मोजलं, तर जुनीचा आतला व्यास २७ मिमी आणि नवीचा २९. दोन मिलिमीटर! दट्ट्या तेवढाच सरकतो, पण औषध जातं १५ टक्के जास्त, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. शाळेतलं गणित. पंपाला सिरिंज ५० ची आहे एवढं कळतं. ती कोणाची आहे ते आपण सांगायचं असतं. पेशंटला झोपेचं औषध चालू होतं, थोडा जास्त गुंगीत राहिला, निभावलं. नॉरॲड असतं तर?

तेव्हा तुझ्या शीटमध्ये एक ओळ घाल. आपल्या स्टोअरमध्ये आज आहे ती सिरिंज या पंपाच्या यादीत आहे का, आणि उद्या ब्रँड बदलला तर नवा ब्रँड कोण घालून देणार, किती दिवसांत, किती पैशांत? तिघांकडून लेखी घे. आणि स्टोअरच्या माणसाला या कमिटीत ओढ, तो कुरकुरला तरी.

ऑक्लूजन अलार्मबद्दल, म्हणजे नळी तुंबली की वाजणाऱ्या अलार्मबद्दल, तू 'आहे / आहे / आहे' लिहिलंयस. सगळ्यांना असतोच गं. तो वाजतो कधी, ते महत्त्वाचं. लाइन कुठे दुमडली किंवा थ्री-वे (नळीतली तीन तोंडांची तोटी) बंद राहिला, तर दाब अलार्मच्या पातळीपर्यंत चढेस्तोवर सिरिंजचा रबर दबून आणि नळी फुगून थोडं औषध पोटात घेतात. समज ते १ एमएल आहे. ६० एमएल रेटला एका मिनिटात अलार्म. १ एमएल रेटला? एक तास! तासभर पंप हिरवा दिवा दाखवत शांत चालतोय आणि पेशंटला थेंबही नाही. मग सिस्टर धावत येऊन थ्री-वे उघडते, आणि साठलेलं १ एमएल एकदम आत जातं. ५० एमएलमध्ये ८ मिलिग्रॅम नॉरॲड असेल, तर ते १६० मायक्रोग्रॅम झाले, तासाभराचा डोस एका दमात. काही पंप अलार्म झाल्यावर दट्ट्या थोडा मागे घेऊन दाब उतरवतात, काही घेत नाहीत. ब्रोशरमध्ये दोघांपुढेही 'ॲंटी-बोलस', म्हणजे साठलेलं औषध एकदम जाऊ न देणारा, असं छापलेलं असतं. त्यामुळे तूच कर. थ्री-वे बंद, रेट १, घड्याळ लाव. अलार्म झाला की थ्री-वे वजनकाट्यावरच्या कपात उघड आणि किती पडतं ते बघ. पाण्याचा १ एमएल म्हणजे १ ग्रॅम, इतकं सोपं आहे. तुमच्या एनआयसीयूसाठी, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूसाठी, हीच चाचणी १० आणि २० च्या सिरिंजवर आणि सर्वांत खालच्या प्रेशर लेव्हलवर कर. बाळांच्या बाबतीत मोठी सिरिंज वापरायचा मोह टाळायचा, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत असतं, पण खरेदीवाल्यांना नसतं.

एक गैरसमज मात्र कोणाच्याच डोक्यात राहू देऊ नकोस. सुई शिरेबाहेर गेली आणि औषध मांसात उतरायला लागलं, तर हा अलार्म भरवशाचा नाही. तिथे दाब वाढेलच असं नाही. तिथे सिस्टरचे डोळेच लागतात.

तसंच पंप चालू असताना स्टँडवर दोन फूट वर-खाली करून बघ, कमी रेटलाच. वर नेताना थोडं जास्त जातं, खाली आणताना प्रवाह थांबतो किंवा रक्त मागे येतं. पंपांनुसार फरक दिसतो, सिरिंज किती घट्ट धरली आहे यावर असतो. सीटी स्कॅनला नेताना पंप पेशंटच्या पायाशी ठेवायचा आणि परत आल्यावर वर टांगायचा, हे आपल्याकडे रोजचं आहे.

आता डिस्प्ले. तू त्याचे इंच लिहिलेस. मी तुला दोन गोष्टी सांगतो, मग तूच ठरव काय मोजायचं ते.

ब्रिटनमध्ये कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी ग्रेसबीचे खिशात मावणारे दोन सिरिंज ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालले. एमएस १६ए निळा, एमएस २६ हिरवा. दिसायला जुळे भाऊ. निळ्यावर आकडा म्हणजे दट्ट्या तासाला इतके मिलिमीटर सरकणार, हिरव्यावर २४ तासांना इतके मिलिमीटर. एकाच कपाटात दोन्ही. निळ्याला हिरवा समजलं की दिवसाचं मॉर्फीन एका तासात. चुका झाल्या, माणसं गेली. शेवटी २०१० मध्ये तिथल्या पेशंट सेफ्टी एजन्सीने मिलिमीटरवाले पंप पाच वर्षांत काढून टाकायला आणि तासाला एमएल दाखवणारेच ठेवायला सांगितलं.

दुसरी गोष्ट कॅनडातली, एडमंटनची, २००६ ची. केमोथेरपीचं औषध चार दिवसांत जायचं होतं, तासाला १.२ एमएल. लेबलवर २४ तासांचा आकडा २८.८ पण होता. पंपात २८.८ भरला गेला. दोन नर्सनी तपासलं होतं. औषध चार तासांत संपलं आणि बाई वाचल्या नाहीत. पंप बिघडला नव्हता. सांगितलं तेच त्याने केलं. एवढा मोठा आकडा दिसूनही 'अगं, हे काय?' असं विचारायची सोय त्याच्यात नव्हती. आज ज्याला ड्रग लायब्ररी म्हणतात, म्हणजे पंपात भरून ठेवलेल्या औषधांच्या मर्यादा, ती हीच सोय. सॉफ्ट लिमिट ओलांडली की विचारतो, हार्ड लिमिट ओलांडूच देत नाही. शीटमध्ये 'लायब्ररी: २००० औषधं' असं अभिमानाने लिहू नकोस. तुमच्या आयसीयूत पंपावर चालणारी औषधं पंचविसाच्या वर जाणार नाहीत. त्यांची यादी, डायल्यूशन, वरच्या-खालच्या मर्यादा तुमचे डॉक्टर आणि फार्मासिस्ट बसून ठरवणार आहेत का, ते आधी विचार. नाहीतर लायब्ररी रिकामी राहते आणि सगळे पहिल्याच स्क्रीनवर 'स्किप' दाबतात. मी असे पंप पाहिलेत, पाच वर्षं वापरलेले, लायब्ररी कोरी.

बटणंही दाबून बघ, ओले ग्लोव्हज घालून. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे इन्फ्युजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० घटना नोंदल्या गेल्या, ८७ वेळा पंप परत मागवले गेले. कारणांमध्ये सॉफ्टवेअर, स्क्रीनची रचना आणि बटणंही होती. एकदा शून्य दाबलं तर दोनदा उमटायचं, १० चे १०० व्हायचे. पॉइंट ठळक दिसतो का? ५.० आणि ५० बेडच्या पायथ्याशी उभं राहून वेगळे ओळखू येतात का? ते तू बघू नकोस, तुझे डोळे चोवीस वर्षांचे आहेत. इनचार्ज सिस्टरना दाखव, चष्मा काढून.

निळा-हिरवा आठवून अजून एक. सिरिंज पंप एनआयसीयूला एका कंपनीचे आणि आयसीयूला दुसऱ्या, असं वाटून घेऊ नकोस, पैसे वाचत असले तरी. कोविडच्या काळात मिळेल तिथून मिळेल तो पंप घेतला, देणगीत आले ते वेगळे, आणि एका वॉर्डात पाच मेक झाले. 'स्टार्ट' एकाचं उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे. रात्री सिस्टरांनी काय काय सोसलं ते त्यांनाच माहीत.

पैशाचं. एल-१, म्हणजे सर्वांत कमी भाववाला, कोण हे अकाउंट्सवाले काढतील, पण पंपाच्या किमतीवर. व्हॉल्युमेट्रिकमध्ये खरा खर्च सेटचा, म्हणजे बाटलीपासून पेशंटपर्यंतच्या नळीचा. समज कंपनीचाच खास सेट लागतो आणि तो साध्या सेटपेक्षा १५० रुपयांनी महाग आहे. चार दिवसांनी सेट बदलला तरी एका पंपाला वर्षाला ९१ सेट, वीस पंपांना १,८२०, म्हणजे वर्षाला २ लाख ७३ हजार. सात वर्षांत १९ लाख. त्यापुढे पंपाच्या किमतीतले पाच-दहा हजार काय घेऊन बसलीस? उलट साधा सेट चालणारा पंप घेतला, तर त्या सेटच्या ब्रँडवर कॅलिब्रेट करावा लागतो, आणि एकाच जागी नळी तासन्‌तास दाबली गेली की ती चपटते आणि रेट घसरतो. म्हणून एकच बाजू घेता येत नाही. तुमचं स्टोअर ब्रँड धरून ठेवतं की दर तिमाहीला बदलतं, त्यावर आहे. दार उघडून सेट बाहेर ओढल्यावर प्रवाह आपोआप बंद होतो का, हे मात्र दोन्ही प्रकारांत बघच.

बॅटरी: डेमोची नवी असते. तीन वर्षांनी बदलायला किती घेणार ते लेखी घे, आणि चार्ज उतरून बंद पडलेला पंप परत चालू केल्यावर रेट लक्षात ठेवतो का ते बघ. वायफाय तुम्हाला आज नको. कागदपत्रं: १ ऑक्टोबर २०२३ पासून क्लास सीच्या (मध्यम ते जास्त धोक्याच्या) उपकरणांना सीडीएससीओचं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं, लायसन्स सक्तीचं आहे आणि इन्फ्युजन पंप त्यात येतो. लायसन्सची प्रत मागितल्यावर 'पाठवतो मॅडम' म्हणून जो आठवडाभर पाठवत नाही, त्याचं नाव खोड.

आणि डेमो कॉन्फरन्स हॉलमध्ये घेऊ नकोस. तिथे चहा-बिस्किटं, एसी आणि गोड बोलणारा माणूस असतो. रात्री तीन वाजता वाजतो तसा अलार्म तिथे वाजत नाही. तिन्ही कंपन्यांना सांग, दोन-दोन पंप आठवडाभर द्या. पहिले दोन दिवस पाण्यावर, वर्कशॉपात. मग रिकाम्या बेडवर, नाइटच्या सिस्टरांच्या हाती, मॅन्युअल न देता: सिरिंज बदल, रेट ४.५ कर, अलार्म बंद कर. कोण किती वेळा अडखळलं ते तू मागे उभी राहून लिही. बोलू नकोस, मदत करू नकोस, सेल्सवाल्याला आत येऊ देऊ नकोस. त्या वहीतली पानं तुझ्या एकतीस ओळींच्या आधी लाव.

तुझे,
सर

ता. क. : ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा माझ्याकडे आहे, मी आणतो. तू स्टोअरमधून ५० च्या दोन्ही ब्रँडच्या पाच-पाच सिरिंज, १० आणि २० च्या सिरिंज, प्रेशर लाइन आणि चार थ्री-वे काढून ठेव. गुरुवारी रात्री नऊच्या एसटीने पोचतो. जेवून येतोय, घरी सांगून ठेव.