सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या वादकांमध्ये खरंच एवढी भांडणं असतात का, आणि घरचेही त्रास होतात का?

हो, दोन्ही असतं, आणि भांडण बहुतेक वेळा खुर्चीवरून, म्हणजे कोण कुठल्या जागेवर बसणार यावरून असतं. व्हायोलिनला नोटेशन ठेवायच्या एका स्टँडवर दोघं बसतात, एकाने पानं उलटायची, पुढची जागा रिकामी व्हायला वर्षानुवर्षं लागतात कारण कायम झालेला माणूस सहसा सोडत नाही, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्याच शेजारी रोज बसायचं म्हटल्यावर व्हायोलिनचा गज (बो) कधी वर, कधी खाली ओढायचा याची साधी खूणसुद्धा डोक्यात जाते. गाजलेलं उदाहरण म्हणजे जर्मनीतला बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, १९८२ मध्ये त्याचा कंडक्टर (वादकांना हाताने इशारे देऊन वाजवून घेणारा) कारायान याला क्लॅरिनेटवर झाबिने मायर हवी होती, वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला, शेवटी तिनेच जागा सोडली. कंडक्टर आणि वादक यांच्यात कायमची अढी बसली ती वेगळीच.

घरचं म्हणाल तर कॉन्सर्ट संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे घरातले मोकळे असतात नेमके तेव्हा हे स्टेजवर, त्यात टूर. नवराबायको एकाच ऑर्केस्ट्रात असले आणि वेगळे झाले तरी सकाळी रिहर्सलला समोरासमोर येतातच, हे फार जड जातं. फक्त एक, हे कायम नोकरीवाल्या ऑर्केस्ट्रांचं झालं, फ्रीलान्स वादक दर कार्यक्रमाला बदलतात तिथे खुर्चीचं राजकारण कमी आणि पुढचं काम मिळेल का याची काळजी जास्त.